सेबियोला हाक

ओरिंगने शर्ट पाठवला तो न धुता. वर फोन करून बजावलं, "पितांग, तूही पाण्यात घालू नकोस हां. साबणाचा वास आला की तो ओळखायचा नाही."

तो म्हणजे तिच्या नवऱ्याचा जीव. नवरा, म्हणजे आमचा मानोंग सेबियो, मार्चमध्ये बहारीनमधलं गॅरेजचं काम कायमचं सोडून आमच्या मुलखात, इलोकोसला, आपल्या घरी गेला. चांगला धडधाकट गेला, दोन्ही बॅगा स्वतः उचलून. पण ओरिंगचं म्हणणं असं, की घरी पोचला तो नुसता देह. जीव इकडे बहारीनमध्येच राहिलाय, आणि तो शोधून, हाक मारून परत पाठवायचं काम माझं.

आम्हा इलोकानो माणसांना यात नवल वाटत नाही. नदीवर धुणं धुवायला जा, कुणाच्या लग्नाला जा, रानात लाकडं तोडायला जा, तिथून निघताना स्वतःचं नाव घेऊन म्हणायचं, "चल, मागे राहू नकोस." जीवाला लहान पोरासारखी खोड असते. तो कुठेतरी रमतो, आणि देह उठून चालायला लागला तरी त्याला पत्ता नसतो. मग माणूस घरी येऊन झुरत बसतो. अशा वेळी घरच्या कुणीतरी त्याचं अंगातलं कापड घेऊन त्या जागी जायचं आणि हाका मारत जीवाला घरी आणायचं. मी लहान असताना माझ्या आईने मला असं विहिरीवरून आणलं होतं. फादरना यातलं काही सांगायचं नसतं, आणि फादरही कधी विचारत नाहीत.

"बावीस वर्षं एका गावात राहून माणूस निघाला आणि एकीलाही हे आठवलं नाही?" ओरिंग फोनवर म्हणाली होती. "तू होतीस ना विमानतळावर?"

"होते, मानांग. पण तिथला शिपाई रांग पुढे ढकलत होता. सगळ्यांची फोटो काढायची घाई. त्या गडबडीत कुणाला सुचतं?"

"फोटो बरे सुचले."

तोंडाने मी कुणाला हार जाणारी नाही. ज्या दुकानात मी अबायांवर, म्हणजे इथल्या बायकांच्या काळ्या झग्यांवर, मणी भरते तिथला मालकसुद्धा मला जरा टरकून असतो. पण ओरिंगपुढे माझी बोलती बंद होते. ती वयाने मोठी, म्हणून मी तिला मानांग म्हणते. आमच्यात मोठीला मानांग आणि मोठ्याला मानोंग म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी समोरासमोर कधी आलो नव्हतो. फोनच्या पडद्यावर सेबियोच्या खांद्यामागून मी तिला हात हलवायचे, ती मला हलवायची, एवढीच ओळख.

"पण मानोंग करतात काय?" मी विचारलं.

"काय करतो! पाहुण्यासारखा राहतो. फ्रिज उघडायच्या आधी मला विचारतो, उघडू का म्हणून. पहाटे अंधारात उठून बूट चढवतो आणि फाटकापाशी बाकावर जाऊन बसतो. म्हटलं, कुठे निघालास? तर म्हणे, बस येईल. आमच्या गावात कसली आलीय बस! आणि परवा तर कहर केला. अंड्यांवर नाव लिहिलं."

"कुणाचं?"

"स्वतःचं! पेनने! सेबियो, सेबियो, सेबियो. अगं, माझं घर, माझ्या कोंबड्या, त्यांची अंडी!"

मला हसू आवरेना. आमच्या फ्लॅटमध्ये सात बायका आणि एक फ्रिज. दुधाच्या पाकिटापासून अर्ध्या लिंबापर्यंत प्रत्येक गोष्टीवर नाव घालायचं, नाहीतर ती सकाळी सापडत नाही. सेबियोचं जेवणखाण आमच्याकडेच असल्यामुळे त्यालाही तीच सवय लागलेली. मग वाटलं, बिचारा. स्वतःच्या घरी जाऊन अंडी सांभाळतोय.

"डॉक्टर म्हणतो, सगळं ठीक आहे," ओरिंग सांगत होती. "पण कपडे सैल व्हायला लागलेत गं. ताट समोर ठेवावं तर दोन घास खातो आणि थँक्यू म्हणून उठतो. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय, पितांग. एवढी वर्षं मी वाट बघितली ती ह्यासाठी?"

ती रडायला लागली. मी लगेच हो म्हटलं. त्यांच्या शेजारच्या गावातला एकजण सुटीवरून इकडे परत येत होता, त्याच्याबरोबर तिने शर्ट पाठवला, आणि येत्या शुक्रवारी मी निघायचं असं ठरलं.

"आणि फोन चालू ठेव," ती म्हणाली. "मला बघायचंय सगळं."

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी सल्माबादच्या गॅरेजांच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी शटरं खाली, रस्त्यावर फक्त तेलाचे डाग आणि ऊन. मी शर्ट डाव्या हातावर घेतला, उजव्या हाताने फोन धरला. पडद्यावर ओरिंग आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली होती. तिच्याकडे दुपार कलली होती.

"हे बघा, मानांग. हे गॅरेज."

"हेच? आणि ती पांढरी मोठी गाडी कुठे आहे? जिच्यावर हात टेकून त्याने फोटो काढला होता? मी घरात फ्रेम करून लावलाय."

"ती गिऱ्हाइकाची होती. दाराचा पत्रा ठोकायला आली होती."

"अस्सं." तिने मागे वळून आतल्या भिंतीकडे पाहिलं. "बरं. मार हाक."

मी इकडेतिकडे पाहिलं, शर्ट थोडा हलवला आणि हळूच म्हणाले, "मानोंग सेबियो, चला. मागे राहू नका."

"हे काय गं?" ओरिंग उसळली. "ही काय हाक झाली? लग्नाचं आमंत्रण देतेयस का त्याला? जीवाला मानोंगबिनोंग कळत नाही. नुसतं नाव घे. अरेतुरे कर."

"मला नाही जमणार. मी कधी घेतलं नाही त्यांचं नुसतं नाव."

"मी देतेय ना परवानगी!"

तेवढ्यात गॅरेजचा रखवालदार बाहेर आला. पेशावरकडचा म्हातारा, मला चेहऱ्याने ओळखणारा. आम्हा सगळ्यांची इथली भाषा म्हणजे चार देशांची खिचडी, त्या खिचडीत त्याने विचारलं, "काय झालं, बहन? कोण हरवलं?"

"मानोंग सेबियो."

"सेबियो? तो तर घरी गेला!"

"तेच त्यांना सांगायला आलेय," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून फाटक उघडून दिलं. आत सेबियोची जागा होती तिथे आता दुसऱ्याच कुणाची हत्यारं मांडलेली. मी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "सेबियो, चल. मागे राहू नकोस." कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला लाज वाटायला नको खरं तर.

ओरिंगने खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. तिच्या अंगणात, फाटकाजवळच्या बाकावर सेबियो बसलेला होता.

"छे," ती म्हणाली. "मानसुद्धा वळली नाही. पुढे चल."

पुढे म्हणजे धक्क्यावर. बसमध्ये मी शर्ट मांडीवर घेऊन बसले. ग्रीस, घाम, आणि त्याखाली ओरिंगच्या घरच्या चुलीचा धूर असा त्याचा वास होता. दर शुक्रवारी सेबियो ह्याच बसने मासे धरायला जायचा, आणि येताना बाजारातून भाजी आणायचा. पहिल्या वर्षीचं मला आठवतं. तो धापा टाकत जिना चढून आला, दोन्ही हातांत पालेभाजीच्या जुड्या, आणि ओरडला, "पितांग, सालुयोत! अरबांच्या दुकानात सालुयोत मिळतंय!" ही आमच्या परसात तणासारखी उगवणारी बुळबुळीत भाजी. इथले लोक तिला मुलुखिया म्हणतात आणि आवडीने खातात, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी कारलं, वांगं, भेंडी आणि वर ते सालुयोत, असं सगळं खारवलेल्या मासळीच्या पाण्यात शिजवलं. वासाने खालचा घरमालक वर आला आणि काही मेलंय का ते बघून गेला. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. असं पोट भरून मी त्याआधी कधी जेवले होते ते मला आठवत नाही.

आमच्यात काही नव्हतं. हे मी कुणाच्याही पुढे, वेदीपुढेसुद्धा सांगेन. तो वर गच्चीवरच्या खोलीत राहायचा, मी खाली बायकांच्या फ्लॅटमध्ये. तो मासे आणायचा, मी शिजवायचे. तो माझं शिवणयंत्र दुरुस्त करायचा, मी त्याच्या कॉलरी उलटून शिवायचे. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसला आणि सकाळी माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलला. दर रविवारी ओरिंगशी बोलायचा, आणि ती काय म्हणाली ते मला सांगायचा. एवढंच. पण तो गेल्यापासून मला एकटीसाठी भात शिजवता येत नाही, पातेल्यात दोघांचाच पडतो. आणि ओरिंगने जेव्हा सांगितलं, की त्याचा जीव मागे राहिलाय, तेव्हा मला आधी काय वाटलं असेल तर आनंद. मग त्याची काळजी. शर्ट मांडीवर घेऊन मी बसमध्ये हाच विचार करत होते, की हा जीव सापडला तर मला तो परत पाठवायचाच नाहीये.

धक्क्यावर चार म्हातारे गळ टाकून बसले होते. ओरिंगला मी समुद्र दाखवला.

"इथे बसून काय करायचा?"

"मासे धरायचे. बोलायचे नाहीत फारसे."

"आमच्या तर दारात समुद्र आहे. आल्यापासून एकदाही गेला नाही." ती पडद्याच्या अगदी जवळ आली, जणू काही पलीकडून तिला आत डोकावायचं होतं. "पाणी हिरवं आहे गं. तो नेहमी म्हणायचा, हिरवं आहे. मला वाटायचं, उगाच काहीतरी सांगतो."

या वेळी मी मोठ्याने हाक मारली. "सेबियो! चल, मागे राहू नकोस!" म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. ओरिंगनेही वळून पाहिलं, आणि डोकं हलवलं.

"तिथे नाही. घरी चल."

"घरी कुठे?"

"तो राहायचा तिथे, आणखी कुठे?"

गुदैबियातल्या आमच्या इमारतीचा जिना मी शक्य तेवढा सावकाश चढले. गच्चीवरच्या खोलीला कुलूप होतं. आता तिथे दुसरी माणसं राहतात आणि ती बाहेर गेली होती. मी फोन दाराच्या फटीला लावला.

"एवढीशी?" ओरिंग म्हणाली. "आणि खिडकी? खिडकी कुठे आहे? एवढी वर्षं मी त्याच्या मागे खिडकी बघतेय. निळे गज, आणि गजाला बांधलेली लसणाची माळ."

मी उगाच कुलूप चाचपलं.

"पितांग."

"ती खालची. आमच्या स्वयंपाकघरातली. वर अंधार असायचा म्हणून ते खाली येऊन फोन करायचे."

"दर रविवारी?"

"हो, मानांग. दर रविवारी."

ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "मग तिथे ने मला."

फ्लॅटमधल्या बाकीच्या चर्चला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. मी फोन टेबलावर तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. मग गॅस पुसला. मग गॅसच्या मागची फरशी पुसली.

"ही खिडकी मला पाठ आहे," ओरिंग म्हणत होती. "तो डावा गज वाकलाय. तुला गंमत सांगू? मुलांची प्रगतिपुस्तकं, आईचं आजारपण, घराचे पत्रे, सगळं मी ह्या खिडकीशी बोलले. तो तर नुसता मान हलवायचा." मग म्हणाली, "पितांग, पुसणं पुरे. मार हाक."

"तुम्हीच मारा ना, मानांग. तुमचा हक्क आहे."

"चार महिने मारतेय. माझ्या हाकेला तो येस मॅडम म्हणतो." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "मला काय कमीपणा वाटत नसेल? माझ्या नवऱ्याला बोलवायला मी दुसरीला सांगतेय. पण तो तिथेच आहे, हे तुलाही माहीत आहे. सकाळपासून माहीत होतं तुला. सोड त्याला."

मी फडकं ठेवलं. टेबलाजवळचं त्याचं स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं. त्याच्यावर कुणी बसत नाही, पण कुणी हलवतही नाही. वाटलं, नाही म्हणावं. फोन बंद करावा, नेटवर्क गेलं म्हणून सांगावं. मग वाळत चाललेला तो डोळ्यांपुढे आला, आपल्याच घरात परवानगी मागणारा, आणि मला माझा राग आला. माया आहे म्हणते आणि माणसाला उपाशी ठेवते, ही कसली माया?

मी खिडकीकडे तोंड केलं आणि पोटातून ओरडले, "सेबियो! चल रे! मागे राहू नकोस!"

"आलो!"

मला वाटलं, गच्चीवरून आलं. रोज संध्याकाळी ताट वाढलं की मी ह्याच खिडकीतून वर तोंड करून मानोंग म्हणून ओरडायचे, आणि तो वरून अस्साच म्हणायचा. मी खरोखर वर पाहिलं. पण आवाज टेबलावरून आला होता, फोनमधून, दूर अंगणातून.

पडद्यावर ओरिंगचा हात तोंडावर गेलेला. "उठला," ती कुजबुजली. "बाकावरून उठला. इकडे येतोय." मग पडदा हलला, फोन कुठेतरी आडवा झाला, आणि मला फक्त छपराचे वासे दिसायला लागले. सपातांचा फटफट आवाज जवळ आला.

"ओरिंग, काय वाढलंयस?" त्याचा आवाज. "भूक लागलीय."

"वेळेवर येशील तर ना! गार झालं सगळं." ती त्याच्यावर डाफरली. नवऱ्यावर बायको डाफरते तशी, अगदी रोजच्यासारखी. ताटाचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा आवाज झाला. तो काहीतरी बोलला, ती हसली. मी उभीच होते. त्या घरात मी कुठेच नव्हते, आणि तसंच असायला हवं होतं. मग मी जाऊन त्याच्या स्टुलावर बसले.

बऱ्याच वेळाने तिचा चेहरा परत पडद्यावर आला. ती फोन घेऊन मागच्या दारी आली होती. डोळे पुसून झाले होते.

"जेवतोय. दुसऱ्यांदा भात घेतला," ती म्हणाली.

"बरं झालं. मी ठेवते आता, मानांग. मला कपडे धुवायचेत."

"थांब. अजून एक राहिलंय. तुझं नाव घे."

"माझं?"

"तो तिथून निघाला तेव्हा मी तुझं तोंड बघत होते, पितांग. तुझा जीव त्याच्या मागोमाग निघालाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला सोसेना. "इथे आला तर मी हाकलणार नाही. पण तू तिथे जिवाशिवाय कशी राहशील? अजून तुला किती वर्षं काढायचीत. घे नाव. मोठ्याने घे. मी थांबते."

दुकानात मला पॅट म्हणतात. फ्लॅटमधल्या पोरी मदर म्हणतात. या गावात पितांग म्हणून हाक मारणारा तो एकटाच होता, आणि तो गेल्यापासून फोनवरच्या ओरिंगखेरीज कुणाच्या तोंडून ते नाव या भिंतींनी ऐकलेलं नव्हतं. मी स्टुलावरून उठून खिडकीशी गेले. ओरिंग समुद्रापलीकडे, मागच्या दाराशी थांबली होती.

"पितांग," शेवटी मी म्हणाले, "ये बाई, परत ये. तो घरी पोचला."